चौथा खांदा

सज्जनहो, या महिन्याच्या निरूपणाला आम्ही विषय घेतला आहे तो मसणवटीचा. विषय पाहून पान उलटू नका. तिरडी, मडके, गोवऱ्या, कावळा ही नावे तिन्हीसांजेला घरात काढू नयेत, असे आयाबाया सांगतात. पण नाव न काढल्यामुळे ज्याचे यायचे ते थांबले, असे एकही घर आम्हाला अजून आढळलेले नाही. आमची साठी उलटली. शेकड्यांनी दहाव्यांना नदीच्या घाटावर उभे राहून प्रवचने केली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा थोडाफार अधिकार आहे, आणि पुढेमागे तो अनुभवाने पुराही होणार आहे.

पाठशाळेत साहित्यशास्त्र शिकलो तेव्हा स्मशान हे बीभत्स रसाचे ठिकाण म्हणून शिकलो. भवभूतीने मालतीमाधवाच्या पाचव्या अंकात जे स्मशान उभे केले आहे, तो भाग आमचे शास्त्रीबुवा जेवणानंतर शिकवायला घेत नसत. हास्यरसाचे नाव त्या ठिकाणी कोणी काढले नव्हते. पुढे वीणा गळ्यात आली, गावोगाव जाणे झाले, आणि मग कळले की तोही रस तिथे भरपूर आहे. सरणावरचा माणूस गप्प असतो, म्हणून भोवतालच्यांचे बोलणे फार स्पष्ट ऐकू येते. ते बोलणे काय असते? ‘लाकडं ओली दिलीत की हो.’ ‘साहेब निघालेत, थांबा जरा.’ ‘उरका आता, शेवटची एसटी पावणेसातची आहे.’ ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे, तोच एकटा तिथे घाई न करणारा असतो.

आपल्या लोकांनी ‘स्मशानवैराग्य’ हा शब्द फार नेमका केला आहे. चिता पेटली की प्रत्येकाला ब्रह्मज्ञान होते. काय घेऊन आलो, काय घेऊन जाणार, बांधावरून भावाशी बोलणे टाकले ते कशासाठी! हे ज्ञान फाटकाजवळच्या नळापर्यंत टिकते. हातपाय धुताना निम्मे वाहून जाते, उरलेले टपरीवरच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर खाली उतरते. तिसऱ्या घोटाला कोणीतरी हळूच विचारतो, ‘म्हाताऱ्यानं सातबारा कुणाच्या नावे केला हो?’

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला विचारले की जगात मोठे आश्चर्य कोणते. धर्मराज म्हणाला, रोज माणसे मरताना दिसत असूनही मागे राहिलेले आपण कायमचे राहणार असे धरून चालतात, हेच. उत्तर बरोबर आले आणि तळ्याकाठी पडलेले भाऊ उठून बसले. यक्षाने तो प्रश्न स्मशानाबाहेरच्या टपरीवर विचारला असता तर कोणीही उत्तीर्ण झाला असता. उत्तर बाकड्यावर बसून चहा पीत असते.

हा वेडेपणा केवळ आपल्याकडे आहे असे समजू नका. जिथे प्रेत पुरतात तिथे पेटी आली, आणि पेटी आली की पेटीचा डामडौल आला. ऑस्ट्रियाचा बादशहा दुसरा जोसेफ याने १७८४ साली हुकूम काढला, की लाकूड मातीत घालून वाया दवडू नये. प्रेत कापडी पिशवीत घालावे, पेटीतून खड्ड्यापर्यंत न्यावे, तिथे पेटीचा तळ उघडावा म्हणजे प्रेत खाली पडेल, आणि पेटी पुढच्या माणसासाठी परत आणावी. हिशेब चोख होता. पण प्रजा अशी खवळली की पुढल्याच वर्षी, १७८५ साली, बादशहाला हुकूम मागे घ्यावा लागला. त्या प्रजेने जिवंतपणी काय काय सोसले असेल. मेल्यावर दुसऱ्याची वापरलेली पेटी मात्र तिला सोसवेना.

त्याच युरोपात एकोणिसाव्या शतकात लोकांनी आणखी एक भीती घेतली, आपल्याला जिवंतच पुरतील की काय! अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे तर १७९९ साली मरताना सांगून गेले होते, की तीन दिवस होईपर्यंत आम्हाला थडग्यात ठेवू नका. मग कारागिरांनी पेट्यांना हवेची नळी जोडली, वर घंटा टांगली आणि तिची दोरी प्रेताच्या हाती दिली. शुद्धीवर आलात तर ओढा! अडचण एवढीच, की कुजताना प्रेत फुगते, जागचे हलते, आणि तेवढ्यानेही दोरी ओढली जाऊ शकते. मध्यरात्री घंटा वाजली तर पहारेकऱ्याने थडग्याकडे धावायचे की घराकडे, याचा खुलासा त्या पेटीबरोबर मिळत नसे.

आफ्रिकेतील घाना देशात आक्रा शहराजवळ तेशी नावाचे गाव आहे. तिथल्या गा लोकांत माणसाच्या धंद्याप्रमाणे पेटी करतात. सेथ काने क्वेई या सुताराने ही कला फार नावारूपाला आणली. तो १९९२ साली वारला. मासे धरणाऱ्याला माशाच्या आकाराची पेटी, कोको पिकवणाऱ्याला कोकोच्या शेंगेची, धनवंताला मोटारीची. आम्हाला या लोकांचे हसू येते, पण राग येत नाही. ज्यात जन्म घातला त्यातच शेवटी निजायचे, हा त्यात सरळपणा आहे. आपल्यात ही पद्धत असती तर किती जणांसाठी खुर्चीच्या आकाराची पेटी करावी लागली असती, आणि किती जणांसाठी तिजोरीच्या, ते आपापल्या गावचा विचार करून ज्याने त्याने ठरवावे.

या सर्वांपुढे आपली तिरडी पहा. दोन लांब कळक, वर आडव्या कामट्या, सुतळी, थोडा कडबा आणि पांढरे कापड. खिळा नाही, चूक नाही, कुलूप तर नाहीच. सावकाराला आणि सालगड्याला बांधणी एकच. पूर्वजांनी वाहन इतके साधे केले ते बघून तरी माणसाने काही शिकावे! पण आपण कसले शिकतो? आता स्वर्गरथ आला. त्याला माळा आल्या, भोंगा आला. हा स्वर्गरथ रोज स्वर्गाला जातो आणि अर्ध्या तासात रिकामा परत येतो, यावरून अंतर फार नसावे असे दिसते. पुण्यात तर नवी पेठेतल्या स्मशानभूमीचे नाव वैकुंठ आहे आणि स्टेशनाकडची कैलास. वैष्णव आणि शैव दोघांची सोय झाली. आम्ही वारकरी पिढ्यान्पिढ्या टाळ कुटून ज्या वैकुंठाची वाट विचारतो, तिथे पुणेकराला रिक्षावाला मीटर टाकून सोडतो.

बरे, या सगळ्या थाटात नेतो काय? एका सरणाला साधारण तीनशे किलो लाकूड लागते. सगळे जळून विझल्यावर अस्थी आणि राख मिळून उरते ते अडीच-तीन किलो. माउली, आपण जन्माला आलो तेव्हा सुईणीच्या हातात आपले वजनही साधारण तेवढेच होते. मधले जे काही अंगावर चढले ते धान्याचे, दुधाचे, आणि ज्यांनी ते पिकवले त्यांच्या घामाचे. उसने घेतलेले परत करून माणूस मूळ वजनावर येतो, एवढाच त्या जाळाचा अर्थ. यात रडण्यासारखे आहे, तसे हसण्यासारखेही आहे.

इथे एक मर्यादा सांगून ठेवतो. कीर्तनकाराने स्मशानावर विनोद करावा, पण ज्याचा हुंदका अजून आवरलेला नाही त्याच्या तोंडावर करू नये. जी बाई कुंकू पुसून कोपऱ्यात बसली आहे तिला ‘देह नाशिवंत आहे’ हेही सांगायला जाऊ नये. ते तिने कालच पाहिले. तिला पाण्याचा तांब्या द्यावा आणि गप्प बसावे. विनोद करायचा तो आपल्या डामडौलावर, आपल्या कोडगेपणावर. मेलेल्याला थट्टा लागत नाही. जिवंताला लागावी म्हणून ती करायची.

ती कुठे लागावी, ते दहाव्याला कळते. घाटावर पिंड मांडलेले असतात. ध्वनिक्षेपक लागलेला असतो. श्रद्धांजलीला एकामागून एक पुढारी उठतात, आणि शेवटी महाराजांना सांगतात, ‘पाचच मिनिटे घ्या, उशीर झालाय.’ सर्वांची नजर झाडावर. कावळा येत नाही. मग हात जोडून बोलणी सुरू होतात. ‘नातवाचं लग्न करू.’ ‘घर बांधून पुरं करू.’ ‘धाकट्याला वाटणी देऊ.’ कावळा ढिम्म. शेवटी ब्राह्मण दर्भाचा कावळा करतो, तो पिंडाला लावतो, आणि मंडळी सुटकेचा श्वास टाकते. दर्भाचा कावळा फार सोयीचा. त्याला वचन द्यावे लागत नाही.

एका ठिकाणी आम्ही पाहिले, पिंडापुढे म्हातारीच्या आवडीचे म्हणून शिरा, भजी, दहीभात, लिंबाचे लोणचे, सगळे वाढले होते. शेजारची एक बाई आमच्यामागे पदराआडून पुटपुटली, ‘महाराज, दहीभातासाठी वर्षभर हाका मारायची हो ती. पडवीत खाट होती तिची.’ आम्ही कावळ्याकडे पाहिले. तो वरच बसून होता. त्या दिवशी त्याचा आम्हाला आदर वाटला.

पैठणच्या नाथांची कथा तुम्हाला पाठ आहे. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने दाराबाहेरची उपाशी माणसे थबकली, आणि नाथांनी पितरांचे अन्न त्यांना जेवू घातले. ती माणसे कोणत्या जातीची मानली जात, हे नाथांना ठाऊक होते. ब्राह्मणांनी वाळीत टाकले. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे परंपरा सांगते. यातला चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. आम्हाला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जिवंत उपाशी जेवला, मग पितर तृप्त झाले. आपण क्रम उलटा केला आणि कावळ्याला दोष देत बसलो. गाडगेबाबाही कीर्तनातून हेच विचारीत फिरले, की कर्ज काढून मेलेल्याच्या नावे पंगती उठवता, मग जित्या पोरांना शाळेत का घालत नाही? बाबांना जाऊनही, १९५६ पासून, पुष्कळ वर्षे झाली. कर्जाच्या पंगती अजून उठतात.

आता विषयाच्या गाभ्याशी येऊ. तिरडीला चार खांदे लागतात. तिघांनी ती उचलत नाही, कलते. श्रीमंताच्या तिरडीला हात लावायला हजार माणसे धडपडतात, आणि तेव्हा हात लावणाराचा फोटोही निघतो. पण गरिबाच्या दारात तिघे उभे असतात आणि चौथ्याची वाट पाहतात. तो चौथा कोण, यावर सगळा परमार्थ अडलेला आहे.

लोक मोठ्या समाधानाने म्हणतात, ‘स्मशानात सगळे सारखे.’ खरे आहे का हे? गावाबाहेर पडून पहा. पुष्कळ गावांत एका समाजाची जागा नदीकाठी, पत्र्याच्या शेडची, बाकांची. आणि दुसऱ्याची ओढ्यापलीकडे, काटेरी झुडपांत, पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून जायची. राखेला जात विचारणारा आपल्यासारखा दुसरा प्राणी नसेल. राख बिचारी उत्तर देत नाही, म्हणून तिची जागाच वेगळी करून ठेवायची!

एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव विचारू नका, कारण तुमचेही निघेल. आषाढाचे दिवस. गाव वारीला गेलेले. मागे एक निपुत्रिक म्हातारा वारला. घरात तिघेच उभे. चौथा मिळेना. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतला एक गडी खत टाकून परत चालला होता. त्याने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि न विचारता खांदा दिला. सरण रचायलाही तोच होता. वारीहून परतलेल्या मंडळींनी ऐकले, ‘देवच धावला’ म्हणाले. पुढच्याच श्रावणात त्या गड्याचा बाप गेला. ओढ्याला पूर, पलीकडे जाता येईना. वस्तीची माणसे प्रेत घेऊन गावच्या शेडपाशी आली. फाटकाला कुलूप होते. किल्ली या घरी नाही, त्या घरी नाही. संध्याकाळपर्यंत ती सापडली नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला, भर पावसात, जुने टायर आणि डिझेल घालून त्या गड्याने बापाला अग्नी दिला. ज्याला आदल्या वर्षी देव म्हणाले, त्याच्या बापाला शेडच्या पत्र्याखाली जागा मिळाली नाही.

त्या गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तिथे कोणी कोणाची जात विचारली नाही, हे निरूपण झाले. दहीहंडी फोडण्याआधी आम्ही हात आखडून विचारले, ‘माउली, ती किल्ली कुणापाशी आहे?’ टाळ थांबले. कोणी हसले नाही, कोणी बोलले नाही. आम्ही पुन्हा विचारले नाही. काला वाटला आणि निघालो. पुढच्या सप्ताहाला गेलो तेव्हा फाटकाला कुलूप दिसले नाही. याहून अधिक सांगणे म्हणजे बढाई होईल.

अशा वेळी चोखोबा आठवतात. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. कुसू कोसळले आणि काम करणारे मजूर खाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. ढिगाऱ्याखालच्या मजुरांची हाडे एकमेकांत मिसळली. कोणाचे कोणते, हे निवडण्याची गरज कोणाला वाटणार? ज्यांची जिवंतपणी सावली नको, त्यांची हाडे कोण निवडतो! पण पंढरपुराहून नामदेवराय आले. परंपरा सांगते, की त्यांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून वेगळे केले. त्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

या कथेत सगळे जण हाडांतल्या नामाचे नवल करतात. करावेच. पण नामदेवरायांचेही नवल करा. शिंप्याच्या घरचा तो भक्त मातीत बसतो, कोणाची कोण जाणे अशी हाडे उचलतो आणि कानाला लावतो. एक नाही, प्रत्येक. चोखोबांचे हाड सापडेपर्यंत ज्या इतर मजुरांची हाडे त्यांनी कानाशी धरली, त्यांनाही त्या दिवशी कोणीतरी एकदा विचारले, ‘बा, तू कोण?’ इतके तरी झाले. चौथा खांदा म्हणतात तो हा. पुढे त्याच देवळाच्या आत चोखोबांच्या समाजाला पाऊल ठेवता यायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. समाधी दारात, आणि मधे सहाशे नऊ वर्षे. किल्ली सापडायला आपल्याला किती वेळ लागतो, ते यावरून पहा.

आणि हे जमत नाही असे म्हणू नका. जमलेले आपण पाहिले आहे. २०२० आणि २०२१ साली साथ आली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीला गेल्या, आपण घरी बसून हात जोडले. त्या दिवसांत पोटची पोरे बापाच्या प्रेताजवळ जाऊ शकत नव्हती. काहींना जाऊ देत नव्हते, काही धजत नव्हती. तेव्हा कोणी अग्नी दिला? नगरपालिकेच्या कामगारांनी, दवाखान्यातल्या माणसांनी, ओळख ना देख अशा तरुणांनी. हिंदूच्या प्रेताला मुसलमानाने खांदा दिला, आणि कोणाची राख बाटली नाही. अस्थींची गाठोडी चिठ्ठ्या लावून स्मशानात लटकत राहिली. ती नंतर कोणा परक्यानेच नदीत सोडली. तेव्हा चौथा खांदा कोणाचा, हे विचारायला कोणालाही सवड नव्हती. सवड मिळाली की आपण विचारतो.

तेव्हा सज्जनहो, येत्या एकादशीपर्यंत एवढे करा. गावच्या स्मशानाला फाटक असेल तर जाऊन त्याला हात लावून पहा, उघडते का. ओढ्यापलीकडे कोणाला जावे लागत असेल तर का, ते ग्रामसभेत एकदा मोठ्याने विचारा. पडवीत खाट असेल तर कावळ्याच्या आधी तिथे दहीभात न्या. आणि तिघे उभे असलेले दार दिसले तर हातातली पाटी खाली ठेवा.

आमचे म्हणाल तर घरी सांगून ठेवले आहे. भोंगा नको, पुढारी नको, प्रवचनकार तर मुळीच नको. आम्ही स्वतः इतकी केली आहेत की मंडळींना पुरे झाले असेल. कळक गावातलेच घ्यावेत. तीन खांदे पोरांचे आणि पुतण्याचे होतील. चौथ्या जागी कोणाला आधी ठरवून ठेवू नका. त्या वाटेने जो कोणी जात असेल त्याला बोलवा, आणि त्याचे नाव-गाव विचारू नका. तो कोण असतो, हे नामदेवरायांच्या पायरीला डोके टेकवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

रामकृष्णहरि.